मीटरच्या पेटीत डोकावणारा माणूस

फोटोतल्या माणसाच्या शर्टाची कॉलर तिनं त्याच दिवशी सकाळी इस्त्री केली होती. मागच्या बाजूला, जिथं मान घासते तिथं, कापड पार विरलं होतं. इस्त्री फिरवताना तिनं मनाशी म्हटलंही होतं, की अण्णांना आता दोन नवे शर्ट घ्यायला हवेत. आता तीच विरलेली कॉलर तिच्या हातातल्या मोबाइलवर होती, वरच्या कुठल्यातरी गॅलरीतून टिपलेली. अण्णा वाकलेले, एका फाटकाशेजारच्या लोखंडी पेटीत डोकं घातलेलं, चेहरा कुठंच नाही. खाली लिहिलं होतं : ‘हा माणूस तीन दिवस आपल्या गल्लीत फिरतोय. लोकांच्या मीटरच्या पेट्यांत डोकावतो. कुणी ओळखतं का? सगळ्यांनी सावध राहा.’ आणि त्याखाली त्रेचाळीस उत्तरं. डबा उघडायला म्हणून ती दातांच्या लॅबच्या तळघरातून वरच्या अंगणात आली होती. डबा तसाच मांडीवर राहिला. बोटांना अजून मेणाचा वास होता. सकाळपासून ती एका कवळीचे वरचे दात मेणात बसवत होती, कुणा अनोळखी बाईचे; आणि कितीही बसवले तरी डावीकडचा एक दात हट्टानं जरा बाहेर येत होता. पहिली गोष्ट तिच्या मनात आली ती हीच, की तो दात आता तसाच राहणार. दुसरी गोष्ट यायला वेळ लागला.  हा फोटो ग्रुपवर आला होता तो तिनं येऊ दिला म्हणून.

कारण ग्रुप तिचा होता. म्हणजे तिचा एकटीचा असा नव्हता, सगळ्या वस्तीचा होता, पण चार वर्षांपूर्वी तो तिनं सुरू केला होता आणि अकराशे माणसांना ती ‘अ‍ॅडमिनताई’ म्हणूनच ठाऊक होती. जी पोस्ट ती किंवा दुसरा अ‍ॅडमिन मंजूर करेल तीच सगळ्यांना दिसायची. नियम तिनंच लिहिलेले होते. त्यातला चौथा असा : माणसाचा फोटो असेल तर दोनदा बघावं. आणि सकाळी पावणेअकराला, एका हातात तापलेली सुरी आणि एका हातात मोबाइल धरून तिनं ही पोस्ट मंजूर केली होती, फोटो न बघता. तळघरात रेंज इतकी कमी, की अक्षरं तेवढी येतात, चित्रं येत नाहीत. चित्राच्या जागी नुसता करडा चौकोन दिसतो. करड्या चौकोनाखालच्या ओळी तिनं वाचल्या होत्या, ‘सावध राहा’ वाचून तिला बरंही वाटलं होतं, की चला, कुणीतरी गल्लीची काळजी करतंय, आणि अंगठा दाबला होता.

उत्तरं ती वाचत गेली. वाचू नयेत हे कळत होतं, पण दुखरा दात जिभेनं चाचपत राहावा तसं चाललं होतं. ‘काल आमच्या फाटकापाशी होता.’ ‘यांची टोळी असते, आधी म्हातारा पाठवतात.’ ‘मीटरवर खडूनं खूण करून जातात, म्हणजे घर रिकामं आहे हे बाकीच्यांना कळतं.’ ‘चेहऱ्याचा फोटो हवा होता.’ ‘कपड्यांवरून तर बरा वाटतो.’ ‘तेच तर, हल्ली असेच असतात.’ आणि अकरावं की बारावं उत्तर तिच्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या वहिनींचं होतं. अण्णा रोज त्यांच्या दारावरून जातात. त्यांच्या कुंड्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून जातात. अकरा वर्षं. वहिनींनी लिहिलं होतं : ‘बापरे.’

तिनं लिहिलं : ‘हे माझे वडील आहेत.’ पाठवलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या वाक्याच्या वर, एका क्षणाच्या फरकानं, दुसरं एक वाक्य येऊन बसलं : ‘सापडला. ड्रायव्हिंग स्कूलपाशी बसवून ठेवलाय.’ त्याखाली टाळ्यांची चित्रं सुरू झाली. तिचं वाक्य टाळ्यांमध्ये वाहून गेलं. कुणीतरी विचारलं, ‘कुणाचे वडील?’ कुणीतरी लिहिलं, ‘ताई, तुमचं अकाउंट हॅक झालंय का?’

अण्णांना फोन लावण्यात अर्थ नव्हता. त्यांचा बटणांचा मोबाइल ते बाहेर जाताना घरी ठेवून जात, चार्जिंगला. मोबाइल हा घरात बसवलेल्या फोनसारखाच घरी असावा असं त्यांचं मत होतं. तिनं ड्रायव्हिंगवाल्यांना फोन लावला. म्हणजे दुसऱ्या अ‍ॅडमिनना, ते स्कूल चालवणाऱ्यांना. लाइन व्यस्त. पुन्हा व्यस्त. खाली जाऊन तिनं पॉलिशवालीला, म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावर कवळ्या घासून चकचकीत करणाऱ्या बाईला, एवढंच सांगितलं, “मी निघतेय. मालकांना सांग.”

“काय झालं गं? अण्णांना काही?”

“अण्णांना पकडलंय.”

“कुणी?”

“आम्ही,” ती म्हणाली, आणि पर्स उचलून निघाली.

बस वेळेवर आली आणि मग प्रत्येक सिग्नलला अडली. खिडकीच्या काचेला डोकं टेकवून ती उभी होती. काच थरथरत होती आणि ती थरथर तिच्या दातांत उतरत होती. आपण हे सगळं कशासाठी सुरू केलं होतं, ते तिला आठवायचं नव्हतं, पण आठवलंच. आई गेली त्या वर्षी. आई जाऊन पंधरा दिवस झाले होते, आणि जिन्यात ह्याच तळमजल्यावरच्या वहिनी भेटल्या आणि हसून म्हणाल्या, “आई दिसत नाहीत हल्ली. गावाला गेल्यात का?” तिला त्या हसण्याचा राग आला नव्हता. त्यांना ठाऊकच नव्हतं, त्या बिचाऱ्या काय करणार? राग आला तो भिंतींचा. एका विटेच्या जाडीपलीकडे एक माणूस मरतं आणि अलीकडे कुणी कुकर लावत असतं, ह्याचा. अण्णा मात्र तेव्हा म्हणाले होते, “आपण तरी कुठं सांगितलं?” तिनं मनावर घेतलं. पुढच्याच महिन्यात तिनं ग्रुप उघडला, तिन्ही गल्ल्यांत स्वतः जाऊन दारांवर कागद चिकटवले. त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी फाडलेले होते, पण निम्मे राहिले.

आणि सुरुवातीला झालंही होतं काहीतरी. हे ती कुणाला नाकारू देणार नव्हती. ‘ओळख’ नावाचा एक भाग तिनं ठेवला होता. येणाऱ्या प्रत्येकानं तिथं चार ओळी लिहायच्या, मी कोण, कुठं राहतो, काय करतो, काय देऊ शकतो. एका निवृत्त नर्सबाईंनी लिहिलं होतं, ‘इंजेक्शन देईन, पण रडणाऱ्या पुरुषांना नाही.’ एकानं लिहिलं होतं, ‘माझ्याकडे चौदा फुटी शिडी आहे. बायकोला ती घरात नको आहे. वापरा.’ तेव्हापासून तो शिडीवाला. सहा महिने ती शिडी ह्या घरातून त्या घरात फिरत होती आणि तिच्या मागोमाग माणसंही ह्या घरातून त्या घरात गेली. मग कुणाच्या तरी गाडीला शिडीचा ओरखडा गेला, कुणी नेली होती ह्यावर दोनशे मेसेज झाले, आणि शिडीवाला एक शब्द न लिहिता ग्रुप सोडून गेला. तिनं त्याला फोन करायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं. नंतर चार ओळींच्या दोन झाल्या, दोनाच्या ‘नमस्कार’ झाला, आणि आता नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र असतं. एकदा तिनं लिहिलं, रविवारी सकाळी बागेत प्रत्यक्ष भेटू या. दोनशे चौदा जणांनी ‘येतो’ म्हणून कळवलं. आले सात. त्यात ती आणि अण्णा धरून. एक गृहस्थ तर योगाचा वर्ग आहे असं समजून चटई घेऊन आले होते आणि भेट फक्त गप्पांची आहे कळल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटलं. उरलेली बिस्किटं तिनं आणि अण्णांनी दोन आठवडे चहाबरोबर खाल्ली. अण्णा दर बिस्किटाला विचारत, “हे कुणाच्या वाटचं?” तेव्हा ती हसली होती. आज बसमध्ये त्या आठवणीनं तिच्या नाकात काहीतरी झोंबलं.

अण्णा चौतीस वर्षं मीटर वाचत होते. घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे आकडे वहीत उतरवून घेणं, एवढंच काम. ती आठेक वर्षांची असताना एका शनिवारी त्यांनी तिला बरोबर नेलं होतं. तिला वाटलं होतं अण्णांचं ऑफिस बघायला मिळणार. ऑफिस कुठंच नव्हतं, नुसते जिने होते. दारं उघडत होती, “मीटरवाले आलेत गं,” असं कुणीतरी आत ओरडत होतं, आणि अण्णा सरळ लोकांच्या घरात शिरत होते. पलंगाखालून वाकून, कपाटामागून मान घालून, एकदा तर आंघोळीच्या खोलीबाहेर पाठ करून उभे राहून आतल्या आजोबांना “सावकाश होऊ द्या” म्हणत. कुठल्या घरात चौकट डोक्याला लागते, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं, कुठल्या घरी मीटरबद्दल बोलायचं नाही कारण तिथं मुलगा घर सोडून गेलाय आणि मीटर त्याच्या खोलीत आहे, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. ते काही फार बोलके नव्हते. माणसांची त्यांना विशेष हौस होती असंही नाही. कुणाकडे चहाला बसलेले तिनं बघितले नाहीत. ते यायचे, आकडा बघायचे, जायचे. पण दारं उघडायची. आता मीटर सगळे बाहेर आलेत, फाटकाशेजारी पेटीत, आकडे कुठूनतरी आपोआप जातात. आणि अण्णा रोज दहा ते साडेबारा फिरायला जातात आणि चालता चालता पेट्यांत बघतात. सवय. माळीकाम केलेला माणूस परक्याच्या कुंडीतलं पिकलं पान खुडतो, तशी. हे तिला ठाऊक होतं. ग्रुपवर कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण अण्णांच्या चार ओळी तिनं कधी लिहिल्याच नव्हत्या. अकराशे लोकांच्या मागे लागून तिनं ओळखी लिहून घेतल्या, आणि घरातल्या घरात राहून गेलं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या शटरपुढे, वाहतुकीच्या खुणांच्या मोठ्या फलकाखाली, अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सरळ. दोन्ही हात गुडघ्यांवर. भोवती पाच जण. त्यातले दोघे मोबाइलमध्ये बघत होते. टेबलावर अण्णांची कापडी पिशवी उलटी करून ठेवली होती आणि तिच्यातल्या वस्तू ओळीनं मांडल्या होत्या : टॉर्च, कंगवा, चष्म्याचं घर, अर्धा बिस्किटपुडा, आणि जरा बाजूला, वेगळा, टेस्टर. शेजारी पाण्याची सीलबंद बाटली होती. ती न उघडता ठेवली होती.  कंगव्यात एक पांढरा केस होता.

“या ताई, बरं झालं आलात,” ड्रायव्हिंगवाले म्हणाले. तीन वर्षं ती ह्या माणसाशी रोज बोलत होती, नियमांबद्दल, भांडणांबद्दल, कुणाला काढायचं, कुणाला ठेवायचं. प्रत्यक्ष ही तिसरी भेट. “बघा, हेच ते. पोलिसांना फोन लावतोय मघापासून, कुणी उचलत नाही.”

“हे माझे वडील आहेत.”

 मोबाइलमध्ये बघणाऱ्या एकानं तो खिशात टाकला.

“मी ग्रुपवर लिहिलं होतं,” ती म्हणाली. “चाळीस मिनिटं झाली.”

“वाचलं ना. वाचलं मी,” ड्रायव्हिंगवाल्यांनी मान खाजवली. “पण म्हटलं खात्री करून घ्यावी. हल्ली ओळखीच्या नावानं कुणीही मेसेज पाठवतं. तुम्हीच नव्हता का टाकला तसा नियम, गेल्या महिन्यात?”

“मग ह्यांना विचारायचंत!”

“विचारलं ताई. सात नंबरला राहतो म्हणाले. आम्ही ग्रुपवरची सात नंबरची यादी बघितली, त्यात ह्यांचं नाव नाही. मुलीचं नाव विचारलं तर गप्प. आता तुम्हीच सांगा. पिशवीत टेस्टर, तोंडाला कुलूप.”

तिनं अण्णांकडे बघितलं. ते फलकाकडे बघत होते. तिला ओरडायचं होतं. बसमध्ये तिनं सबंध वाक्यं तयार केली होती, एकेक अशी की समोरच्यानं मान खाली घातली असती. पण ह्या पाच जणांत दुष्ट असा कुणीच नव्हता. एकानं खुर्ची आणून दिली होती, कुणी पाणी आणून ठेवलं होतं. हात कुणी लावला नव्हता, ‘हात लावू नका’ असं ड्रायव्हिंगवाल्यांनी ग्रुपवर लिहिलंच होतं. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. तिच्या नियमांप्रमाणे. राग घशापर्यंत येत होता आणि बसायला जागा न मिळाल्यासारखा परत खाली जात होता.

“राग नका मानू,” ड्रायव्हिंगवाले खालच्या आवाजात म्हणाले, पण एवढ्याही खालच्या नाही. “पण पोस्ट तुम्हीच मंजूर केलीत ना? माझ्याकडे आली होती, मी म्हटलं जरा थांबू. मग बघितलं तर ताईंनी सोडलेली. म्हटलं, ताईंनी सोडलीय म्हणजे काहीतरी असणार.”

अण्णांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. एकदाच. त्या बघण्यात काही नव्हतं, चिडणं नाही, दुखावणं नाही. नुसतं एक माहिती ऐकून घेणं. मग ते उठले, वस्तू एकेक करून पिशवीत भरल्या, टेस्टर शेवटी, आणि “येतो,” म्हणाले. त्या पाचही जणांना. पाहुण्यानं निरोप घ्यावा तसं.

दोघं घराकडे निघाली. ती त्यांच्या अर्धं पाऊल मागे चालत होती आणि विरलेली कॉलर समोर होती.

“माझं नाव का नाही सांगितलंत?”

“तू त्यांची मुख्य ना. बाप असा बसवलेला, आणि तुझं नाव घ्यायचं? बरं दिसलं असतं?”

“अण्णा, मी फोटो बघितला नव्हता. खाली तळघरात चित्र येत नाही. शपथ.”

“अगं, असू दे.”

“असू दे काय! आणि तुम्हाला तरी काय पडलंय लोकांच्या पेट्यांत बघायचं? नोकरी सुटून किती वर्षं झाली!” तिच्या तोंडून हे निघालं आणि आपण आता त्या त्रेचाळिसांतल्या एक झालो हे तिला कळलं.

अण्णा थांबले. “सगळ्यांच्या नाही बघत. मानेनं जमत नाही आता. त्या कोपऱ्यावरच्या घराची तेवढी बघतो. वायर तापतेय आत. जळका वास येतो, सकाळी उन्हं वर आली की जास्त. तीन दिवस बेल वाजवतोय, कुणी दार उघडत नाही.”

“मग मला सांगायचं ना!”

“सांगितलं,” अण्णा म्हणाले. “परवा. जेवताना. तू ‘हं’ म्हणालीस.”

तिनं आठवून बघितलं. परवा ती जेवताना ग्रुपवर होती. कुणाची गाडी कुणाच्या दारापुढे लागते ह्यावरून जुंपली होती आणि ती एकेकाला समजावून सांगत होती, की आपण शेजारी आहोत, एकमेकांचं ऐकून घेतलं पाहिजे.

कोपऱ्यावरचं घर म्हणजे जिनं फोटो काढून ग्रुपवर टाकला होता तिचंच. फाटकापाशी जाताच तो वास तिलाही आला. बारीक, प्लास्टिक वितळल्याचा, लॅबमध्ये कधी विसरून साचा जास्त तापला की येतो तसलाच. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती इथूनच जात होती. तिनं बेल दाबली. आत काही वाजल्याचं ऐकू आलं नाही. पुन्हा दाबली. मग बेलच्या वरच्या लहानशा भोकातून एक दबका आवाज आला, “कोण आहे?”

“मी सात नंबरमधून आलेय. तुमच्या मीटरच्या पेटीत—”

“बाळ झोपलंय हो. ग्रुपवर टाका ना, मी बघते नंतर.”

आणि आवाज बंद झाला.

ती तिथं उभी राहिली. तिला एकदम हसू आलं, आणि ते हसू ओठांपर्यंत येईतो त्याचं दुसरंच काहीतरी झालं. चार वर्षं. चार वर्षं ती लोकांना हेच शिकवत होती : ग्रुपवर टाका, ग्रुपवर टाका. तिनं पायातली चप्पल काढली आणि त्या चपलेनं फाटकाच्या पत्र्यावर मारायला सुरुवात केली. धाड्. धाड्. समोरच्या घराची खिडकी उघडली. कुठंतरी कुत्रं भुंकायला लागलं. अण्णा मागून म्हणाले, “पोरी, अगं चप्पल,” पण ती थांबली नाही. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला तेव्हाही थांबली नाही. दार उघडलं. एक तिशीतली बाई, केस कसेतरी गुंडाळलेले, डोळे झोपेनं तांबारलेले, खांद्यावर किंचाळणारं मूल. महिनोन्‌महिने सलग दोन तास न झोपलेल्या माणसाचा चेहरा.

“वेड लागलंय का तुम्हाला?” ती किंचाळली. “चाळीस मिनिटं लागतात ह्याला झोपवायला! चाळीस मिनिटं!”

“आग लागेल,” हिला एवढंच म्हणता आलं.

बाईचं लक्ष हिच्या मागे उभ्या अण्णांकडे गेलं आणि ती एक पाऊल मागे सरली. तरीही अण्णा पुढे झाले, तिच्याकडे न बघता, पेटीचं झाकण टेस्टरच्या टोकानं उचकटून धरलं आणि म्हणाले, “हात लावू नका. नुसता तळवा जवळ न्या.” बाईनं मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं, तळवा जवळ नेला आणि झटक्यात मागे घेतला. आतली एक वायर तपकिरी होऊन फुगली होती. “अगंबाई,” ती म्हणाली. मग खूप हळू, “बेल मीच बंद करून ठेवते हो. हा उठतो म्हणून. मोबाइलवर नुसतं कुणी आलंय एवढं दिसतं. आणि त्यात… हे दिसले.”

वीज कंपनीचा माणूस तासाभरात आला. लाइन तोडली, वायर बदलली, जुना तुकडा अण्णांना दाखवला आणि म्हणाला, “आणखी दोन दिवस गेले असते ना काका, तर—” आणि पुढचं हातानंच दाखवलं. तोपर्यंत गल्लीत वीसेक माणसं जमली होती. तिनं एवढी माणसं ह्या गल्लीत एकत्र कधीच बघितली नव्हती. तळमजल्यावरच्या वहिनीही आल्या होत्या. तिच्या दंडाला धरून म्हणाल्या, “अगं, मी फोटो मोठा करून बघितलाच नाही. घाईत होते. नुसतं वाचलं आणि ‘बापरे’ लिहिलं. काहीतरी लिहावं म्हणून.” तिनं मान हलवली. खरं होतं ते. सगळ्यांचं सगळं खरं होतं, तिथंच तर घोडं अडत होतं. कुणाशी भांडावं असं एकही खोटं माणूस तिच्या हाती लागत नव्हतं.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाईंनी माफी मागणारी लांबलचक पोस्ट लिहिली. अण्णांना ‘आपल्या गल्लीचा देवमाणूस’ म्हटलं. तिच्याखाली तीनशे लोकांनी बदाम ठेवले, ग्रुप सुरू झाल्यापासून एवढे कशालाच मिळाले नव्हते. ज्यानं टोळीबद्दल लिहिलं होतं त्यानं लिहिलं, ‘अशी माणसं आता उरली नाहीत.’ ड्रायव्हिंगवाल्यांनी सुचवलं, काकांचा छोटासा सत्कार करू. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जण घरी आले, आमचंही मीटर जरा बघून जा म्हणून. एक गृहस्थ जिन्यातूनच ओरडले, “मीटरकाका आहेत का?” तिला वाटलं, झालं, उशिरा झालं, वाकडंतिकडं झालं, पण झालं. हेच तर पाहिजे होतं. त्या दुपारी लॅबमध्ये तो डावीकडचा दातही तिनं बसवला, एका फटक्यात.

अण्णा त्या दिवशी फिरायला गेले नाहीत. पाय दुखतोय म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले आणि वीस मिनिटांत परत आले. तिसऱ्या दिवशी गेले नाहीत. चौथ्या दिवशी तिनं मुद्दाम सुटी घेतली. दहा वाजले, साडेदहा वाजले. अण्णा खिडकीपाशी खुर्चीवर, पेपर मांडीवर, शर्ट घातलेला, नवा, तिनं कालच आणलेला. कॉलर ताठ होती आणि तिच्यात त्यांची मान बारीक दिसत होती.

“आज जायचं नाही?”

“बघू.”

“पाय दुखतोय का?”

“नाही.”

“मग?”

“बघू म्हटलं ना.”

तिनं चपला घातल्या. “चला, मी येते बरोबर. बागेपर्यंत जाऊन येऊ.” अण्णा हलले नाहीत. तिनं त्यांची पिशवी खुंटीवरून काढून त्यांच्यापुढे धरली. अण्णांनी ती घेतली आणि खुर्चीच्या पायाशी ठेवली. तेव्हा तो राग आला. चार दिवस घशात येऊन परत जाणारा राग आता आला, आणि त्याला ह्या घरात एकच माणूस सापडलं.

“काय चाललंय हे, अण्णा? सगळे विचारतात मला, काका कुठं दिसत नाहीत. काय सांगू त्यांना? त्यांनी चूक कबूल केली, माफी मागितली, अजून काय करायचं माणसांनी? मी काय करायचं? आधी कुणी ओळखत नव्हतं, मान्य. माझी चूक, तीही मान्य. पण आता? आता तुम्हाला कोण अडवणार आहे? गल्लीतलं शेंबडं पोर ओळखतं तुम्हाला! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकूण एक माणसाला ठाऊक आहे तुम्ही कोण ते!”

“तेच तर,” अण्णा म्हणाले.

ते रागानं म्हणाले नाहीत. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर थांबवली, वर खिडकीकडे बघितलं आणि हात हलवून जोरात “नमस्कार काका!” म्हटलं. अण्णांनी हात थोडा वर केला. मग खुर्ची मागे सरकवून खिडकीपासून आत घेतली, पेपर उघडला, आणि सकाळीच वाचून झालेलं पान पुन्हा वाचायला लागले. ती चपला घालून तशीच दारात उभी राहिली.